उजवीकडची खुर्ची

४ मार्च

प्रिय वन्सं,

सुखरूप पोचले. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून विमानतळाचं कुंपण दिसतं आणि त्यापलीकडे आमच्या कंपनीच्या विमानाचं शेपूट. फोनच करणार होते. पण वाटेतून केला तेव्हा मी म्हटलं, "बरी आहे", आणि तुम्ही म्हणालात, "घरी आहेस? मग गेलीस कशाला?" तेव्हा पत्रच बरं. छापखान्याच्या यंत्रांनी तुमचे कान खाल्ले, पण डोळे शाबूत ठेवले.

वर्गात आम्ही वीसेक नवे पायलट. सगळे पंचविशीच्या आतबाहेर, मी एकटीच अडतिशीची. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर दोन मुलं चटकन उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, शिकवायला बाई आल्या! मी गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसले.

आधी काही आठवडे वर्ग. कंपनीचे नियम, मग विमानाच्या पोटातली वीज, तेल, हवा. त्यानंतर सिम्युलेटर, म्हणजे हुबेहूब कॉकपिटचा डबा. तो जागेवरच हलतो आणि आतल्या माणसाला आकाशात असल्यासारखं वाटतं. त्यात परीक्षा होते. पास झालं की खरं विमान, खरी माणसं. नाही जमलं तर थोडे जादा तास, आणि तरी नाही तर "आभारी आहोत" म्हणून घरी. माझी पार्सलच्या विमानाची नोकरी तर मी सोडून आलेय. परतीचे दोर कापलेले आहेत.

शिंप्याने गणवेशाची मापं घेतली. त्याच्याकडचा नमुन्याचा कोट पुरुषांचा, बाह्या बोटांच्याही खाली. तो म्हणाला, "मॅडम, वाढत्या अंगाचा घ्या."

आणि हो, मला एक जोडीदार मिळालाय. यापुढचं सगळं त्याच्याबरोबरच. संध्याकाळी माझ्या खोलीत दोन खुर्च्या शेजारी टाकून आमचं चालू असतं. मुलगा गोड आहे.

मी येईपर्यंत माझं घर आणि नाना तुमच्याकडे. त्यांना उठवताना तुमची कंबर सांभाळा. अंघोळीचं पाणी त्यांना जरा कोमटच लागतं. काही अडलं तर लिहा, मी इथून बघते.

तुमची भावजय


११ मार्च

सौ. भावजयीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. नानांना मोठ्याने वाचून दाखवलं. "जोडीदार मिळालाय" इथे आल्यावर मला ठसका लागला आणि पुढच्या चार ओळी मी गाळल्या. माझा भाऊ तिकडे समुद्रावर जहाजाची इंजिनं पुसतोय आणि त्याची बायको लिहिते की मुलगा गोड आहे, खोलीत खुर्ची शेजारी टाकतो! खुलासा कर.

नाना ठीक. उजवा हात अजून तसाच. डाव्या हाताने बुद्धिबळात मला हरवतात आणि वर मीच रडीचा डाव खेळते म्हणतात. आजारपणापासून शब्द सावकाश येतात असं तू म्हणाली होतीस. येत असतील, पण टोमणे पुरते येतात.

तुझ्या घरात सगळं इतकं जागच्या जागी आहे की एक चमचा हलवला तरी चोरी केल्यासारखं वाटतं. आता बोलायला बसलेच आहे तर बोलते. नाना आजारी पडल्यापासून दरवर्षी मी तुला विचारत आले, थोडे दिवस त्यांना माझ्याकडे पाठव म्हणून. दरवेळी तुझं उत्तर ठरलेलं, "नको वन्सं, मी बघते." मला राग यायचा. वाटायचं, या बाईला ताठा फार. माझाच बाप, आणि मीच परकी.

परवा अंघोळ घालून त्यांना खुर्चीत बसवलं आणि मी पलंगावर आडवी झाले ती दिवेलागणीलाच उठले. तू सकाळी विमान उडवून यायचीस आणि मग हे करायचीस? हे कौतुक नव्हे. चौकशी आहे.

तुझी नणंद


२ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मी वर्गातच वाचलं आणि इतकी हसले की मला बाहेर काढलं. जोडीदार म्हणजे सिम्युलेटरमधला. दोघादोघांची जोडी लावतात आणि परीक्षेपर्यंत ती सोडत नाहीत. माझा चोवीस वर्षांचा आहे, मला ताई म्हणतो, घोरतो असं त्याची शेजारची खोली सांगते. माझ्या भिंतीवर आम्ही कागदाचं कॉकपिट चिकटवलंय, प्रत्येक बटण जिथल्या तिथे छापलेलं. त्यासमोर बसायचं आणि कागदाची बटणं दाबत तोंडाने म्हणायचं, हे चालू, ते बंद. झाडूवाल्या मावशी दारात उभ्या राहून बघतात. काल म्हणाल्या, "बाई, उडालं की सांगा."

उत्तराला उशीर झाला, कारण मधले दिवस धावपळीचे गेले. विमानाच्या दारातून रबरी घसरगुंडीवर उडी मारायला लावली. मग पोहण्याच्या तलावात कपड्यांसकट उतरून, उलटी झालेली रबरी होडी सुलटी करायची. मी आणि माझा जोडीदार एका बाजूला लटकलो, होडी आमच्याच डोक्यावर आली. धुराने भरलेल्या खोलीतून भिंत चाचपत बाहेर यायचं, खरी आग खऱ्या नळकांड्याने विझवायची. होडी सोडली तर या सगळ्यात मी पहिली. छाती फुगली होती.

आणि मग डबा सुरू झाला.

वन्सं, मला उडवता येतं. ती शेखी नाही. इतकी वर्षं वादळात, धुक्यात, एका इंजिनाच्या त्या जुन्या विमानात औषधांची खोकी घेऊन एकटी गेलेय. पण इथे दोन पायलट. एकाने उडवायचं, दुसऱ्याने बघायचं, बोलायचं, रेडिओ आणि चेकलिस्ट सांभाळायची. प्रत्येक गोष्ट मोठ्याने. मी काय करते? तोंड मिटून सगळं स्वतः करते. त्याचा हात पोचायच्या आत माझा पोचलेला असतो.

तिसऱ्या दिवशी आमच्या मास्तरांनी मधेच डबा थांबवला. म्हातारे कॅप्टन आहेत, आवाज कधी चढत नाही. म्हणाले, "तुमच्या शेजारी कोण बसलंय?"

मी म्हटलं, "माझा जोडीदार."

"तो गेली वीस मिनिटं काय करतोय?"

मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं.

"बाई, तुम्ही विमान छान उडवता," ते म्हणाले, "पण हे एकट्याचं विमान नाही. परीक्षेत तुम्ही असंच केलंत तर मला तुम्हाला घरी पाठवावं लागेल. आणि नुसत्या तुम्हाला नाही. हा मुलगा तुमच्या शेजारी बसून काही शिकलेलाच नाही."

तो बिचारा बाहेर आल्यावर म्हणतो, "ताई, मनावर घेऊ नका, मला तुमचं बघायला आवडतं." त्यामुळे तर जास्तच लागलं.

आम्हाला जादा तास मिळालेत. मास्तरांनी सांगितलंय, जे दिसेल ते दिसताक्षणी बोला, वाईट असेल तर आधी बोला. हे यांना कळवू नका. जहाजावर उगाच घोर लागेल. तुम्हाला का लिहिलं कोण जाणे. बहुतेक तुम्ही आधी स्वच्छ लिहिलंत म्हणून.

तुमची भावजय


१४ एप्रिल

बाई गं,

तुझे मास्तर म्हणतात, वाईट असेल तर आधी बोला. म्हणून आधी तेच.

काल दुपारी नाना न्हाणीघरात पडले. उजव्या मनगटाचं हाड मोडलंय. प्लास्टर घातलं. डोक्याला काही नाही, तपासून घेतलं. शुद्धीत आहेत, जेवलेत, डॉक्टरांना त्यांच्या टकलावरून बोलून झालंय. म्हणजे बरे आहेत.

तुला न सांगायचं ठरवलं होतं. तुझी परीक्षा तोंडावर. मग वाटलं, उद्या तुला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तू माझ्यावर कधी विश्वास ठेवशील?

आता दुसरं. त्यांनी हाक मारली होती. मला ऐकू आली नाही. मी स्वयंपाकघरात पाठमोरी होते. भांडी घासून, ओटा पुसून निवांत आले, तर ते फरशीवर. किती वेळ होते, विचारलं तर सांगत नाहीत. म्हणतात, "आत्ताच." माझी लाज राखतायत. पाणी वाळून गेलं होतं, अंग गार पडलं होतं. ते आत्ताच नव्हतं.

त्यांना उचलायला गेले, उचलवेना. शेवटी वरच्या मजल्यावरच्या वीजमिस्त्रीच्या दाराशी जाऊन ओरडले. तो आणि त्याची बायको धावत आली. या घरात राहायला आल्यापासून मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते.

तू येऊ नकोस. पण तुला यावंसं वाटलं तर मी अडवणार नाही. बहिऱ्या बाईच्या भरवशावर म्हातारा माणूस ठेवून परीक्षा द्यायची, हे मलाही सोपं वाटत नाही.

तुझी नणंद


१७ एप्रिल

प्रिय वन्सं,

पत्र आलं तेव्हा आधी पिशवी काढली आणि कपडे कोंबायला लागले. विचार केलाच नाही. जोडीदार सरावासाठी आला, दारातच थबकला.

"ताई, कुठे?"

"घरी. सासरे पडलेत."

"कोण आहे त्यांच्याजवळ?"

"माझी नणंद."

"मग तुम्ही जाऊन काय वेगळं करणार?"

मी त्याच्यावर खेकसले. तुला काय कळतं, म्हटलं, तुझं वय काय, तुला कोणाचं करावं लागलंय कधी? तो आपल्या खुर्चीत कागदी कॉकपिटसमोर जाऊन बसला. मी गेले असते तर त्याचीही जोडी मोडली असती, पण त्याने तेवढं एक वाक्य तोंडातून काढलं नाही. बऱ्याच वेळाने मी शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "मला भीती वाटतेय." वन्सं, हे मी मोठी झाल्यापासून मोठ्याने कधी म्हटलं होतं, आठवत नाही. तो म्हणाला, "मलाही. रोज वाटते." मग आम्ही दोघांनी चहा घेतला आणि पिशवी रिकामी केली.

मी येत नाहीये. नाइलाज म्हणून नाही. तुम्ही तिथे आहात म्हणून.

तुम्ही सांगितलंत, याचे उपकार कसे मानू? या घरात काही झालं की बरं झाल्यावरच सांगायची रीत. मीच पाडली ती. यांना जहाजावर मी कधीच काही कळवलं नाही, आणि ते मला "तू खंबीर" म्हणत राहिले. तुमचं पत्र वाचलं आणि तासाभराने लक्षात आलं, मी घाबरलेय, पण अंधारात नाही. सगळं कळलंय मला.

आणि ऐका. नाना माझ्या हातूनही पडलेत. दोन वर्षांपूर्वी, मी शेजारी उभी असताना. चांगल्या कानांनी. तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही, तुम्हालासुद्धा. माणूस पडायचा तो पडतो. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.

आमच्या कॉकपिटमध्ये धोका असला की नुसता आवाज होत नाही, दिवाही लागतो. कारण गडबडीत माणसाला ऐकू येत नाही, कान कितीही चांगले असोत. वरचा वीजमिस्त्री घंटेऐवजी दिवा जोडून देईल का? बटण नानांच्या पलंगाशी आणि न्हाणीघरात, दिवा तुम्ही असाल तिथे.

नानांचा डावा हात हातात घेऊन माझा नमस्कार सांगा.

तुमची भावजय


२५ एप्रिल

प्रिय भावजये,

वीजमिस्त्रीने एका सकाळीत काम केलं. स्वयंपाकघरात एक, माझ्या उशाशी एक आणि वर त्याच्या घरी एक, असे तांबडे दिवे. पैसे घेईना. त्याची बायको म्हणाली, "एवढी वर्षं खालच्या बाईंना काही लागतं का म्हणून आम्ही विचारायचो, त्या नको म्हणायच्या. निदान तुम्ही तरी घ्या." घेतलं. आता ती रोज दुपारी येऊन नानांजवळ तासभर बसते आणि मी पाय मोकळे करून येते.

दिव्याचा निकाल: पहिल्या दिवशी तो अकरा वेळा लागला. चहा, चहा, खिडकी, चहा, "दिवा चालतो का बघितलं", उशी, चहा. मी म्हटलं, नाना, हा धोक्याचा दिवा आहे. म्हणाले, "चहा... नाही... हाच धोका."

तू पूर्वीही ते पडले होते हे लिहिलंस. मला राग यायला हवा होता. उलट त्या रात्री पहिल्यांदा शांत झोप लागली. तू मला बरं वाटावं म्हणून सांगितलंस हे कळतंय. पण खरं सांगितलंस.

आता माझं म्हणणं. तुझी नोकरी लागली की महिन्यातले निम्मे दिवस तू आकाशात. ते पंधरा दिवस नाना माझ्याकडे. माझं घर तळमजल्याला आहे, दारात ऊन येतं. लगेच नको म्हणू नकोस. उत्तर परीक्षेनंतर दे.

परीक्षेत जे होईल ते होवो. डब्यातून बाहेर आल्यावर काहीतरी खा.

तुझी वन्सं


४ मे

प्रिय वन्सं,

पास झाले. दोघंही.

परीक्षा घ्यायला बाहेरून एक बाई आल्या होत्या. चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. मागे बसून पेपरमिंट चावत होत्या आणि तो कडकड आवाज मला सगळ्या उड्डाणभर ऐकू येत होता. मी उजवीकडच्या, म्हणजे सहपायलटच्या खुर्चीत, तो डावीकडे कॅप्टनच्या जागी. त्याची उडवायची पाळी आधी झाली होती, आता उडवायचं मी.

चाकं सुटली आणि एका इंजिनाला आग. ते अपेक्षित होतं. बोलत बोलत केलं, त्याने चेकलिस्ट वाचली, आग विझली. मी मनात म्हटलं, जमलं. तेवढ्यात खालून निरोप, ज्या विमानतळावर परतायचं तिथे धुकं, उतरता येणार नाही. तेवढ्यात केबिनमधून फोन, प्रवाशाच्या छातीत दुखतंय. तेवढ्यात आणखी एक धोक्याचा दिवा लागला. एका इंजिनावरचं विमान सांभाळताना माझा हात रेडिओकडे गेला, आपोआप, दहा वर्षांच्या सवयीने. आणि मला माझा हात दिसला.

मी म्हटलं, "मला एकदम सगळं पेलत नाहीये. विमान तुझ्याकडे. मला जरा विचार करू दे."

तो म्हणाला, "विमान माझ्याकडे."

वन्सं, मी हात काढून घेतले आणि विमान पडलं नाही. मला हसू फुटणार होतं. त्याने ते इतकं सरळ धरलं होतं, जणू हातात दुधाची वाटी आहे. मी नकाशा बघितला, जवळचा दुसरा विमानतळ ठरवला, केबिनला सांगितलं, त्याला विचारलं, "मी काही विसरतेय का?" तो म्हणाला, "वाऱ्याची दिशा." विसरलेच होते. मग विमान परत घेतलं आणि एका इंजिनावर उतरवलं. जरा आपटलंच.

दिवे लागले. बाईंनी विचारलं, "मधेच विमान का दिलंत?"

मी म्हटलं, "मला मदत हवी होती."

त्यांनी काहीतरी लिहिलं. मला वाटलं, संपलं. मग म्हणाल्या, "इथे चहा कुठे मिळतो?" मी रस्ता सांगितला. त्या दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "हां, दोघंही पास." मास्तर बाहेर उभे होते. त्यांनी हात मिळवला, आधी त्याच्याशी, मग माझ्याशी. तो क्रम मला फार आवडला.

बाहेर आल्यावर दोन केळी खाल्ली. तुमची आज्ञा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो. पंधरा दिवस तुमच्याकडे. मला ताठा नव्हता वन्सं. लग्न होऊन आले तेव्हा ऐकलं होतं की विमान उडवणारी सून काय घर बघणार. ते कोण म्हणालं, आठवतही नाही. पण मी ते खोटं ठरवत बसले, आणि त्यात तुम्हाला तुमच्या वडिलांपासून दूर ठेवलं, हे दिसलंच नाही. यांनाही काल सगळं लिहिलंय. नाना पडल्याचं, जादा तासांचं, सगळं.

तुमची भावजय


१० मे

लाडके भावजये,

तुझं पत्र नानांना वाचून दाखवलं, एकही ओळ न गाळता. "पास" शब्दाला त्यांनी बटण दाबलं ते सोडेचनात. वरचा वीजमिस्त्री धावत खाली आला.

ते कोण म्हणालं ते मला ठाऊक आहे. आमची मोठी काकू. तिला स्वतःला सायकलसुद्धा येत नव्हती. पण त्या दिवशी मी तिथेच होते, आणि गप्प बसले. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर तुझी इतकी वर्षं वाचली असती. आता बोलते. तू घर बघितलंस. माझ्या बापाला तू जगवलंस. माझ्याने हे शब्द तोंडावर बोलवणार नाहीत, म्हणून कागद फाडू नकोस.

खऱ्या माणसांना घेऊन उडालीस की कळव.

तुझी वन्सं


२९ मे

प्रिय वन्सं,

आज पहाटेचं विमान होतं. प्रवाशांसह माझं पहिलं. डावीकडे शिकवणारे कॅप्टन, मागच्या जादा खुर्चीवर आणखी एक अनुभवी पायलट, माझं काही चुकलं तर बघायला. हवा स्वच्छ होती. काहीही घडलं नाही. एवढं छान काहीही न घडणं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. उतरवायला मला दिलं. कॅप्टन शेवटपर्यंत माझ्याशी बोलत होते, मी त्यांच्याशी.

इंजिनं बंद झाल्यावर ते म्हणाले, "जा, दारात उभ्या राहा. तुमचे पहिले प्रवासी आहेत, निरोप द्या."

उभी राहिले. कुणाला काय ठाऊक कोण पहिल्यांदा उडवत होतं! माणसं पिशव्या सांभाळत, फोन चालू करत पुढे जात होती. दोघातिघांनी मान हलवली. सगळ्यात शेवटी एक बाई आली. माझ्याच वयाची, डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, कडेवर मूल. थांबली आणि म्हणाली, "किती दिवसांनी झोप लागली हो मला! चढले आणि जे झोपले ते आत्ता उतरताना उठले." आणि गेली.

इतकी वर्षं मी खोकी नेली. खोकी झोपत नाहीत. आज दीडशे माणसं आत होती, त्यातली कितीतरी माझ्या भरवशावर डोळे मिटून पडली होती, आणि मला ते ठाऊकही नव्हतं. मी तिथेच दाराची कड धरून उभी राहिले. गेले तीन महिने मी या परक्या खोलीत रोज गाढ झोपलेय. नानांचं आजारपण सुरू झाल्यापासून अशी झोप मला कधी लागली नव्हती. मी म्हणायचे, दमल्यामुळे असेल.

दमल्यामुळे नव्हतं, वन्सं. घरी तुम्ही होतात.

यांना संध्याकाळी कळवीन. आधी तुम्हाला लिहायचं होतं. शनिवारी दुपारी पोचते. तुम्ही त्या दिवशी लगेच आपल्या घरी जायला निघू नका. चार दिवस आपण दोघीही तिथेच राहू या.

तुमची भावजय